आधी ब्रेक, मग पेट्रोल

नवीन इंजिन बसवल्यापासून धाकट्या भावाने एकच धोशा लावला होता: "ताई, एवढी ताकद काढलीस, आता तिला पोटभर पेट्रोल तरी दे." त्याचं चुकत नव्हतं. जुन्या लाइनीतून या इंजिनाची तहान भागणार नाही हे मलाही दिसत होतं. तरी मी आधी ब्रेकला हात घातला. पेट्रोल कमी पडलं तर गाडी मंदावते, फारच झालं तर एखादा पिस्टन जळतो. ब्रेक कमी पडला तर काय काय होतं याची यादी मला करायची नाही.

गाडी जुनी आहे, ड्रॅग रेसिंगची: उभ्या जागेवरून सुटायचं आणि सरळ पट्टीवर पाव मैल धावायचं. दोन दारांची, मागच्या चाकांवर चालणारी, आठ सिलिंडर, डोक्यावर चार बॅरलचा कार्बोरेटर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. माझ्यासकट वजन १४५० किलो. पाव मैलाच्या शेवटी आधी ताशी १८० किमीच्या आसपास असायची. आता सुमारे ५०० हॉर्सपॉवर आहे, शेवटचा वेग २०० किमीला टेकतो आणि वेळ ११ सेकंदांच्या आगेमागे येते.

१८० वरून २०० म्हणजे अकरा टक्के वाढ, त्यात काय मोठंसं, असं वाटतं. पण ब्रेकला वेग दिसत नाही, ऊर्जा दिसते, आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. १८० ला या गाडीत सुमारे १८ लाख ज्यूल असतात, २०० ला साडेबावीस लाखांच्या जवळ. जवळजवळ पाव पट जास्त. अंतरात सांगायचं तर, टायर ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) इतकी पकड देतात असं धरलं तर १८० वरून थांबायला १६० मीटर लागतात आणि २०० वरून १९७. शिवाय ही ०.८ जी माझ्या पुढच्या अरुंद टायरांकडून दर वेळी मिळेलच असं नाही. ०.६ धरलं तर तोच आकडा २६० च्या पुढे जातो.

थांबायला जागा पुरत नाही हे या खेळातल्या अगदी वरच्या लोकांनाही मान्य करावं लागलं. २००८ साली ड्रॅग रेसर स्कॉट कॅलिटाचा अपघातात मृत्यू झाला, आणि त्यानंतर एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या संस्थेने टॉप फ्युएल आणि फनी कार या सगळ्यात वेगवान वर्गांची धाव १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणली. तिथे पॅराशूट असतात, कार्बनचे ब्रेक असतात, तरी धावच आखूड करावी लागली. त्यांच्याच नियमात ताशी १५० मैल, म्हणजे साधारण २४० किमी, गाठणाऱ्या गाडीला पॅराशूट सक्तीचं आहे. माझी गाडी त्या रेषेच्या बरीच खाली, त्यामुळे सगळा भार चार डिस्कवर.

आता डिस्क. ड्रॅगसाठी म्हणून विकायला येणारा ब्रेक संच हातात घेतला की मोह होतो. डिस्कवर पॅड दाबणारे ॲल्युमिनियमचे चार पिस्टनचे कॅलिपर आणि भोकं पाडलेली इतकी पातळ डिस्क की एका हाताने फिरवावी. चाकाबरोबर फिरणारं वजन कमी झालं की गाडी झपकन सुटते, हे खरंच. पण मी गणित मांडून बघितलं. साधारण जाड डिस्क घेतल्या आणि चारही मिळून १६ किलो लोखंड धरलं, त्यात ही सगळी ऊर्जा एका दमात ओतली, तर तापमान तीनशे अंश सेल्सिअसने चढतं. तेच दहा किलोच्या हलक्या डिस्कमध्ये ओतलं तर पावणेपाचशेच्या वर. प्रत्यक्षात वारा आणि टायर आपला वाटा उचलतात, म्हणून आकडे इतके भयंकर येत नाहीत. पण हलक्या डिस्क हलक्या गाडीसाठी असतात, आणि १४५० किलो काही हलके नव्हेत. मी पुढे जाड, मधून हवा खेळणाऱ्या डिस्क घेतल्या आणि मागे पातळ. सुटताना त्याची किंमत सेकंदाच्या काही शतांशांनी मोजावी लागत असेल. लागू दे.

मोठ्या डिस्क घ्याव्यात म्हटलं तर चाक आडवं येतं. मागे उंच भिंतीचा स्लिक (नक्षी नसलेला) टायर हवा, म्हणजे रिम १५ इंचांचं, आणि त्यात अकरा-साडेअकरा इंचांपुढे डिस्क सहसा मावत नाही. तेही कॅलिपर रिमला घासत नाही ना हे बघून. रिम आणि कॅलिपर यांच्यात मी मातीचा गोळा चिकटवून चाक हाताने फिरवलं आणि गोळा कापून जाडी मोजली. मागच्या डाव्या बाजूला अंतर जेमतेम तीन मिलिमीटर निघालं. पुरतं, पण तिथे आता चाकाला वजनाची पट्टी आतून लावायची नाही.

पॅडच्या बाबतीत एक गोष्ट सर्किट रेसिंगवाल्यांचं ऐकून गडबडते. ते म्हणतात, रेसिंग पॅड घ्या, तापले की असे चावतात! तापले की. आमच्या खेळात ते कधी तापणार? बर्नआउटच्या वेळी, म्हणजे टायर तापवायला मागची चाकं जागेवर फिरवताना, पुढची चाकं लाइन लॉकने (पुढच्या ब्रेकचा दाब अडकवून ठेवणाऱ्या व्हॉल्व्हने) धरलेली, म्हणजे डिस्क फिरतच नाही. मागची चाकं फिरतात, पण त्यांचा ब्रेक सुटलेला असतो. मग रांगेत उभं राहायचं, मग अकरा सेकंद ब्रेकला हात नाही, आणि मग गार पॅडवर एकदम २०० किमी. म्हणून गार असतानाच धरणारं मटेरियल हवं, मग ते सर्किटवर तिसऱ्या फेरीत वितळलं तरी आपल्याला काय त्याचं.

यापुढचा भाग मात्र सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेला, आणि तिथे डिस्क-कॅलिपरचा काही संबंध नव्हता. तो होता पेडलचा आणि पायाचा जोर ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा.

इंजिनात व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट घातला की आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं जागेवर चालत असताना, मॅनिफोल्डचं (हवा आत घेणाऱ्या नळ्यांमधलं) व्हॅक्यूम पडतं. ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. म्हणजे इंजिन जितकं तगडं, तितकी ब्रेकची मदत लुळी. बूस्टर काढून टाकायचा आणि पायाच्या जोरावर ब्रेक चालवायचा हे ठरलं. पण बूस्टरसाठी बनवलेलं पेडल तसंच ठेवून भागत नाही. माझं पेडल टेकूपासून पायाच्या पट्टीपर्यंत ३०० मिमी, आणि मास्टर सिलिंडरला ढकलणाऱ्या पुशरॉडची पिन टेकूपासून ७५ मिमीवर. म्हणजे जोर चौपट होतो. मास्टर सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, एक इंच, क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंमी. पायाने ४० किलोचा जोर दिला तर १६० किलो भागिले ५.०७, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेएकतीस किलो. पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचाला पौंडात, साडेचारशेच्या आसपास. एवढ्यात चार पिस्टनचे कॅलिपर नुसते हसतात.

पिन २५ मिमी वर नेली, टेकूपासून ५० वर. जोर सहापट झाला. बोअर सात अष्टमांश इंचाचा घेतला, क्षेत्रफळ ३.८८. आता तोच पाय २४० किलो देतो आणि दाब निघतो सुमारे ६२ किलो, ८८० पीएसआय. जवळजवळ दुप्पट, आणि यासाठी एकही चकचकीत वस्तू विकत घ्यावी लागली नाही. फक्त पिन वर गेली तसा मास्टर सिलिंडरही फायरवॉलवर तितकाच वर सरकवावा लागला, नाहीतर पुशरॉड तिरका बसतो आणि सील एका बाजूने झिजतं.

फुकट काहीच मिळत नाही, त्यामुळे याचीही वसुली होते. तेवढंच ब्रेक ऑइल ढकलायला आता पेडल पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट अंतर खाली जातं. त्यामुळे लाइनीत हवेचा एक बुडबुडा चालत नाही, आणि मागच्या ॲक्सलला आत-बाहेर ढिलाई चालत नाही. ॲक्सल हलला की डिस्क हलते, डिस्क पॅडला मागे ढकलते, आणि पुढच्या वेळी पेडलची पहिली अर्धी चाल पिस्टन परत जागेवर आणण्यातच संपते. म्हणून मागच्या ॲक्सलचे बेअरिंग आधी बघून घेतले.

हवा काढायचं काम दोघांचं. भाऊ पेडलवर, मी चाकापाशी आडवी. मास्टर सिलिंडर गाडीला लावायच्या आधीच वाइसमध्ये धरून त्यातली हवा काढली होती, ते न करता थेट बसवला तर दिवसभर पेडल हाणत बसावं लागतं. पारदर्शक नळी ब्लीडरला, म्हणजे कॅलिपरवरच्या हवा सोडायच्या स्क्रूला, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं.

"दाब."

"दाबलंय."

"धर. सोडू नको हं, मी बंद म्हणेपर्यंत."

"धरलंय गं ताई, पाय थरथरायला लागला."

ब्लीडरचा नट पाव आटा सैल केला की नळीत आधी फेस येतो, मग मोठे बुडबुडे, मग बारीक मोहरीएवढे, आणि मग नुसतं पिवळसर ऑइल सरकताना दिसतं. उजवा पुढचा कॅलिपर काही केल्या साफ होईना. नट खोलून बघितलं तर ब्लीडर कॅलिपरच्या खालच्या अंगाला होता. दोन्ही बाजूंचे कॅलिपर दिसायला सारखेच असतात, पण ब्लीडर वरच हवा, कारण हवा वरच साठते. या संचातला हा कॅलिपर कारखान्यातूनच उलटा जोडून आला होता. ब्लीडर वरच्या भोकात घातला आणि दहा मिनिटांत काम झालं.

ऑइल डॉट ४. कोरडं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी बदलायचंच. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र यात मिसळायचं नाही. नावावरून डॉट ५.१ त्याचं भावंड वाटतं, पण ते डॉट ४ च्या घराण्यातलं.

आणि मग गेज. हा लेख लिहायचं कारणच गेज. ब्लीडर काढून त्याच्या जागी दाबाचं गेज लावता येतं. पेडल दाबल्यावर पायाला काय वाटतं यावर माझा आता काडीचा विश्वास नाही. दगडासारखं कडक पेडल पुष्कळदा नुसता मोठ्या बोअरचा पुरावा असतो, दाबाचा नव्हे. पहिल्यांदा गेज लावलं तेव्हा पुढच्या कॅलिपरला ८५० च्या जवळ दाब दिसला, हिशोबाच्या आसपास. मागे मात्र बराच कमी, कारण मागच्या लाइनीत फिरवायचा व्हॉल्व्ह आहे आणि तो मी पूर्ण आवळून ठेवला होता. कमी वेगात ब्रेक लावत तो थोडा थोडा उघडायचा. मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होता कामा नयेत, एवढं एकच पथ्य. वेगात मागची चाकं जाम झाली की गाडीचं शेपूट पुढे यायला बघतं.

मागचा ब्रेक सुधारल्याचा एक फायदा सुरुवातीच्या रेषेवर मिळतो. माझ्याकडे ट्रान्सब्रेक (गिअरबॉक्सच अडवून गाडी धरणारी सोय) नाही, डावा पाय ब्रेकवर ठेवून इंजिन चढवायचं आणि सोडायचं. आधी १८०० आरपीएमला मागची चाकं सरकायला लागायची. आता २५०० ला उभी राहते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला टॉर्क कन्व्हर्टर तेवढा जास्त ताणला जातो आणि सुटताना झटका जाणवतो.

ब्रेकची बाकी किरकोळ कामं पटकन सांगते. पुढच्या लाइनीत लाइन लॉक, तो बर्नआउटपुरता, हँडब्रेक म्हणून वापरायचा नाही. डिस्क ब्रेकच्या लाइनीत थोडा दाब कायम धरून ठेवणारा २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो तो मास्टर सिलिंडर कॅलिपरच्या खालच्या पातळीवर असेल तर. माझा वर आहे, म्हणून लावला नाही. १० पीएसआयचा असतो तो ड्रमसाठी. डिस्कला लावला तर पॅड कायम घासत राहतील.

आता पेट्रोल.

५०० हॉर्सपॉवरच्या साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला ताकदीच्या प्रत्येक हॉर्सपॉवरमागे तासाला सुमारे २२७ ग्रॅम पेट्रोल धरायचं. ११३ किलो होतात, लिटरमध्ये दीडशेच्या थोडं वर. ऐकायला प्रचंड. पण अकरा सेकंदांच्या एका धावेत जळतं किती? अर्धा लिटरसुद्धा नाही. त्यामुळे बरेच जण म्हणतात, एवढ्याशा पेट्रोलसाठी जाड पाइप कशाला. त्यांना सेकंदाचा हिशोब सांगावा लागतो. दर सेकंदाला ४२ मिलिलिटर, न चुकता, आणि तेही गाडी पुढे झेपावत असताना. कार्बोरेटरच्या फ्लोट बाउलमध्ये, म्हणजे त्याच्या पेट्रोलच्या वाटीत, साठा थोडाच असतो. सुरुवात त्याच्यावर निघून जाते, आणि तूट पडते ती शेवटच्या शंभर मीटरमध्ये, नेमकी इंजिन सगळ्यात जास्त ओढत असताना.

जुनी व्यवस्था अशी होती: टाकी मागे, इंजिनावर यांत्रिक पंप, मधे ८ मिमीची पाइप. पंपाने मागून पुढे पेट्रोल ओढायचं. आता सुटतानाचा सव्वा जी त्यात मिळवा. टाकीपासून इंजिनापर्यंत तीन मीटर पेट्रोलचा खांब आडवा पडलाय, आणि गाडी पुढे उसळली की तो खांब मागे पळायला बघतो. त्याचा उलटा दाब निघतो जवळपास ४ पीएसआय. कार्बोरेटरला सात लागतात. पंप पेट्रोल ढकलण्यात पटाईत असतो, ओढण्यात नव्हे. जास्त ओढलं की गरम पेट्रोल पाइपमध्येच उकळून बुडबुडे होतात आणि पंप वाफ चावत बसतो.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. कार्बोरेटरच्या तोंडाशी दाबाचा सेन्सर बसवून धावेची नोंद ठेवणाऱ्या लॉगरला जोडला होता. बॉनेटवरचं गेज गाडी उभी असताना ठीक, पण धावेत त्याकडे बघणार कोण. लॉगमध्ये रेषा सातवर सुरू झाली, सुटताना पाचाखाली गेली, जरा सावरली, आणि तिसऱ्या गिअरमध्ये घसरत घसरत तीनवर आली. उभ्या गाडीत इंजिन कितीही गरगरवलं तरी तेच गेज सात दाखवत होतं.

मग पंप मागे, टाकीच्या खालच्या पातळीवर, विजेचा. टाकीला मागच्या बाजूला तळाशी सम्प (पेट्रोल साठायचा खोलगट भाग), कारण सुटताना पेट्रोल मागे धावतं. ब्रेक लावताना ते पुढे पळतं आणि सम्प क्षणभर कोरडा पडतो, पण तेव्हा थ्रॉटल बंद असतो, काही बिघडत नाही. पंपापासून पुढे अर्ध्या इंचाची, म्हणजे एएन ८ ची लाइन. एएनमधला आकडा इंचाचे सोळावे भाग सांगतो. रेग्युलेटर कार्बोरेटरपाशी, रिटर्नचा. तो पुढचा दाब बघतो आणि जास्तीचं पेट्रोल टाकीत परत पाठवतो, म्हणजे सुटताना मधला खांब मागे ओढला गेला तरी रिटर्न आपोआप बंद होतो आणि पंप फरक भरून काढतो. रिटर्नची पाइप बारीक ठेवण्यात काटकसर करू नये. आयडलला पंपाचं जवळजवळ सगळं पेट्रोल तिथूनच परतायचं असतं, वाट अरुंद असेल तर दाब चढतो आणि बाउलचं तोंड बंद करणारी कार्बोरेटरची निडल उघडून पेट्रोल वर येतं.

एवढं करूनही पंप आपल्या लेबलाइतका बोलेना. मल्टिमीटर बॅटरीवर लावला, १३.८ व्होल्ट. पंप चालू ठेवून पंपाच्या टर्मिनलवर लावला, ११.६. दोन व्होल्टच्या वर वाटेतच गेले, डॅशबोर्डवरच्या स्विचमधून येणाऱ्या बारीक वायरीत. विजेच्या पंपाचा प्रवाह व्होल्टवर ठरतो. मागे रिले बसवला, बॅटरीपासून जाड वायर टाकली, अर्थिंग थेट चेसिसच्या खरवडलेल्या धातूवर. आता १३.५ च्या खाली येत नाही. मोठा पंप घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी हे मोजायला लावते.

जोडण्यांबद्दल एक तक्रार. एएनचा फ्लेअर, म्हणजे पाइपचं पसरट केलेलं तोंड, ३७ अंशांचा आणि साध्या गाड्यांच्या पाइपचा ४५ चा. काही मापांत आटे एकमेकांत बसतात, नट घट्टही होतो, आणि मग तिथून पेट्रोल पाझरतं. ते थांबवायला लोक टेफ्लॉन टेप गुंडाळतात. फ्लेअरमध्ये धातूवर धातू बसून सील होतं, टेपचं तिथे काही काम नाही, उलट तिचा धागा सुटून निडलमध्ये अडकतो. इंजिन बंद ठेवून नुसता पंप चालवला आणि प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघितला. फिल्टरच्या एका टोकाला टिश्यूचा कोपरा ओला झाला. सोडून पुन्हा बसवला.

लाइन ड्राइव्हशाफ्टच्या बोगद्यातून नेली नाही, आणि फ्लेक्सप्लेटच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या फिरत्या तबकडीच्या, शेजारून जाते तिथे जाड पोलादी नळीतून ओवली आहे. ती फुटली तर तुकडे त्याच पातळीत उडतात. गाडीची सगळी वीज तोडणारा मागचा मुख्य स्विच ओढला की पंप बंद व्हायलाच हवा. इंजिन चालू ठेवून ओढून बघा. अल्टरनेटरची वायर चुकीच्या बाजूला जोडलेली असेल तर स्विच ओढल्यावरही इंजिन आणि पंप दोन्ही चालू राहतात.

नव्या लाइनीनंतरचा लॉग भावाला दाखवला. सुटताना रेषा साडेसहाला एक खळी घेते, परत सातवर येते आणि शेवटपर्यंत तिथेच राहते. तो म्हणाला, "मग आता वेळ किती कमी होईल?" लगेच काहीच नाही, उलट पहिल्या धावेत इंजिन वरच्या आरपीएमला गुदमरल्यासारखं वाटलं आणि एक्झॉस्टच्या टोकाशी काजळी धरली. बाउल रिकामा पडायचा तेव्हा मिश्रण पातळ होऊ नये म्हणून कार्बोरेटरमध्ये मोठे जेट (पेट्रोल सोडणाऱ्या भोकांच्या पुळ्या) घातलेले होते. आता बाउल भरलेला राहतो, त्यामुळे तेच जेट जास्त पेट्रोल सोडतात. मागचे दोन जेट दोन नंबरांनी खाली आणलेत. पुढच्या जोडीला हात लावायच्या आधी प्लग काढून बघायचे आहेत.